करंगळी विसरायची नाही

नोव्हेंबरातली सकाळ, साडेसात वाजलेले. मी एका हाताने डबा भरतेय, दुसऱ्या हाताने केसांना क्लिप लावतेय, आणि बेल वाजली. दारात समोरच्या ६०२ मधले परबकाका. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा.

"घे बाय, तोंड गोड कर. लेबर कमिशनर निवडून आला."

मला वाटलं, त्यांचा कोणी पुतण्याबितण्या असेल. कोकणातल्या माणसाचे नातेवाईक कुठे कुठे निघतील, सांगता येत नाही. म्हणून मी अगदी आनंदाने पेढा उचलला आणि विचारलं, कुठला कमिशनर?

"नॉर्थ कॅरोलायनाचा," काका म्हणाले. कुडाळचा म्हणावं तितक्या सहज.

त्या दिवशी ते सातव्या मजल्यापासून खाली वॉचमनपर्यंत पेढे वाटत गेले. आमची बिल्डिंग बदलापूर पूर्वेची. सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट आणि एक लिफ्ट. अठ्ठावीस घरांत एकालाही ते राज्य नकाशावर दाखवता आलं नसतं, पण पेढा सगळ्यांनी खाल्ला. चेअरमन म्हात्रेशेठनी दोन खाल्ले आणि मग विचारलं की मुलगा झाला की मुलगी.

आता या माणसाची नीट ओळख करून द्यायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मीही तेच म्हणत होते. माझं चुकलं, हे आधीच कबूल करून टाकते.

नामदेव परब. वय एकाहत्तर, शिक्षण नववी, धंदा लिफ्ट मेकॅनिक. चौतीस वर्षं ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या लिफ्टा त्यांनी वर-खाली केल्या. ते नोकरीला लागले तेव्हा बदलापुरात लिफ्ट सोडा, तिसरा मजला शोधावा लागायचा. आज जिथे बघाल तिथे टॉवर, आणि काका प्रत्येक टॉवरकडे डॉक्टरने पेशंटकडे बघावं तसे बघतात. लग्नाला गेले तर आधी हॉलच्या लिफ्टमधली लायसनची पाटी वाचणार, तारीख तपासणार, दाराला कान लावणार, मग नवरानवरीला भेटणार. एकदा अंबरनाथला माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात पाटीवरची तारीख उलटून गेलेली निघाली, तर चार मजले जिन्याने चढले आणि आमच्या सासूबाईंनाही चढवलं. सासूबाई वर पोचल्या तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या.

बोलणंही तसंच. कोणी तापलं की "ओव्हरलोड झालाय, दोघांना उतरवा." दोन शेजारी भांडले की "लेव्हलला या आधी, मग दार उघडा." एखाद्याचं लग्न जमत नसलं की तो "मधल्या मजल्यावर अडकलाय." आणि निवृत्त झाल्यापासून एक नियम: लायसन नाही तर हात नाही. आमची लिफ्ट बंद पडली की हा माणूस नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगतो, पण स्क्रूलाही बोट लावत नाही. गुडघे धरून सहा मजले चढतो, पण लावत नाही.

हे झालं लिफ्टचं. अमेरिका कुठून आली, ते सांगते.

काकांची एकुलती एक मुलगी मनाली, आमची मनू, नऊ वर्षांपूर्वी लग्न करून तिकडे गेली. नॉर्थ कॅरोलायना नावाच्या राज्यात अकराव्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. दर रविवारी सकाळी नऊला फोन. आपला रविवार उजाडलेला असतो, तेव्हा तिचा शनिवार संपायचा असतो. काकांची बायको, आमच्या सुलभामामी, होत्या तोवर तो फोन म्हणजे सोहळा. आमच्या मजल्यावर रेंज फक्त लिफ्टच्या दाराशी येते. मामी तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकून, स्पीकर लावून तासभर बोलायच्या, आणि काका दारात उभे राहून ऐकायचे. कुळथाच्या पिठापासून जावयाच्या घोरण्यापर्यंत सगळं मला भिंतीआडून पाठ झालं होतं.

मामी पाच वर्षांपूर्वी गेल्या. पुढच्या रविवारी खुर्चीवर काका बसले. मी सवयीने दाराशी थांबले होते, खोटं कशाला बोलू.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही चहा घेतलात?"

"घेतला."

"गोळी?"

"घेतली. ठेवू?"

"ठेवा."

संपलं. दोन मिनिटंसुद्धा नाही. बाप-लेकीचं वाकडं होतं असं नाही हो. जीव होता, पण बोलायचं खातं मामींकडे होतं. मामी गेल्यावर दोघांनाही कळेना, आपण आता एकमेकांशी बोलायचं तरी काय. फोन ठेवल्यावर काका बराच वेळ त्या खुर्चीवर बसून राहायचे, आणि मी आत जाऊन उगाच भांडी आपटायचे.

असं सात-आठ महिने चाललं. मग एका रविवारी मनू सहज म्हणाली, "बाबा, आमच्या लिफ्टमधला फोटो गेला."

काकांची पाठ ताठ झाली. कसला फोटो? लिफ्टमध्ये फोटो कशाला?

तर तिकडे म्हणे लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर लेबर कमिशनरचा फोटो असायचा. राज्यातली प्रत्येक लिफ्ट तपासायची जबाबदारी त्या कमिशनरची. मनू गेली तेव्हापासून एक हसऱ्या बाई रोज तिच्याबरोबर अकराव्या मजल्यापर्यंत यायच्या. आता त्या जाऊन नवे साहेब आले, त्यांनी आपला फोटो लावला नाही. आणि मनू पुढे म्हणाली की त्या बाई काही सरकारी बदलीने आलेल्या नव्हत्या, लोकांनी मतं देऊन निवडून आणलेल्या होत्या.

"लिफ्टवाल्याला मत?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज असा झाला होता की मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले.

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला.

पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. नववी शिकलेल्या, इंग्रजीत फक्त 'कॉशन', 'डोअर क्लोज' आणि 'मॅक्झिमम लोड' एवढंच वाचता येणाऱ्या या माणसाने एक शंभर पानी वही घेतली, मोबाईलवर भाषांतराचं बटण शोधून काढलं आणि त्या राज्याची अख्खी निवडणूक कोळून प्यायली. तीन महिन्यांत मला खिंडीत गाठून शिकवणी सुरू. मी अंबरनाथला मोरिवलीजवळच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. दिवसभर ट्रकवाल्यांशी घसा फोडून घरी यावं, तर लिफ्टच्या दारात काका दहा बोटं पसरून उभे.

"अख्ख्या राज्याने मिळून निवडायची माणसं किती? दहा. हा अंगठा, गव्हर्नर. म्हणजे आपला मुख्यमंत्रीच म्हण. ह्याच्या शेजारी उपगव्हर्नर, त्याला मत वेगळं. मग सरकारी वकील, मग खजिनदार, मग हिशेब तपासणारा, मग कागदपत्रं सांभाळणारा सेक्रेटरी, मग शाळावाला, शेतीवाला, विमावाला..." बोटं मिटत मिटत ते डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत येत. "आणि हा लेबर कमिशनर. लिफ्टा आणि जत्रेतले पाळणे याच्याकडे. लोक अंगठ्याला मत देतात आणि घरी जातात. करंगळी विसरायची नाही, बाय. गोवर्धन कुठल्या बोटावर उचलला होता?"

मी तर तोंडात बोट घातलं. मला आमच्या नगरसेवकाचं नाव आठवत नव्हतं, आणि तिकडे लोक रांगेत उभे राहून विम्याचा माणूस निवडतात. शेतीवाला कमिशनर म्हणे पेट्रोल पंपाचं मापही तपासतो. काकांचा त्यावरही अभ्यास. म्हात्रेशेठ एकदा काकांना पार्किंगमध्ये सापडले. मुख्यमंत्री एका पक्षाचा आणि उपमुख्यमंत्री दुसऱ्या पक्षाचा, असं मतपेटीतूनच होऊ शकतं, हे काकांनी सांगितल्यावर शेठ म्हणाले, त्यात काय नवल, आपल्याकडे नाही का होत. काका म्हणाले, "आपल्याकडे निकालानंतर होतं. तिकडे लोकांना आधी विचारतात." शेठ गाडीत बसून निघून गेले.

निवडणूक जवळ आली तसा ६०२ चा हॉल म्हणजे वॉर रूम झाला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काकांनी राज्याचा नकाशा काढला, त्यात शंभर तालुके. तिकडे तालुक्याला काउंटी म्हणतात. कुठला तालुका कुठे झुकतोय, ते दाखवायला टिकल्या; तिकडे एका पक्षाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा. लाल टिकल्या घरात होत्या. मामींच्या कपाटातली पाकिटं, न फोडलेली, कोपऱ्यात रबर लावून ठेवलेली. ती काढताना काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

निळ्या टिकल्या मात्र मामी लावत नसत. त्या आणायची कामगिरी माझ्यावर आली. मी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात पडद्याचं कापड बघायला जाणारच होते. तिथला सिंधी दुकानदार म्हणाला, "निळी सौ पीस? शादी है क्या, मॅडम?" मी म्हटलं, नाही, इलेक्शन आहे. "कौनसा वॉर्ड?" मी म्हटलं, नॉर्थ कॅरोलायना. त्याने आमच्या बदलापुरात नवा भाग झाला असेल अशा समजुतीने मान हलवली आणि पाच टक्के कमी केले.

या काळात रविवारचा फोन पन्नास मिनिटांच्या खाली येत नव्हता. मनू विचारायची, बाबा, त्या डोंगराकडच्या तालुक्यात काय वातावरण आहे? बदलापुरातून काका सांगायचे. या खेपेला एक उमेदवार म्हणत होता की मी निवडून आलो तर लिफ्टमध्ये फोटो परत लावीन. बस, काकांनी त्याला आपला मानला. पक्ष कुठला, रंग कुठला, काही देणंघेणं नाही. मी एकदा विचारलंच, "काका, इतका जीव का काढताय? तुम्हाला काय करायचंय तिकडच्या सरकारशी?"

काका टिकलीमागचा कागद सोलत होते. "मला काय करायचंय, बाय? पण मनूला आवड आहे ना. तिच्याशी बोलायचं तर आपल्याला माहीत पाहिजे. नाहीतर पुन्हा जेवलीस, जेवलो."

आणि तो उमेदवार निवडून आला. पेढ्यांची गोष्ट ती हीच. पुढे काही महिन्यांनी मनूने लिफ्टमधल्या नव्या कागदाचा फोटो पाठवला, त्यावर नवे साहेब हसत होते. तो रविवार दणक्यात गेला.

त्याच्या पुढचा रविवार वीस मिनिटं. मग नऊ. मग चार.

मी दार उघडलं तेव्हा काका खुर्चीवर तसेच बसलेले, फोन मांडीवर. म्हणाले, "पुढची निवडणूक चार वर्षांनी, बाय." मग फोन खिशात टाकत म्हणाले, "चार वर्षं पुष्कळ होतात. एवढं मी..." आणि वाक्य तिथेच सोडून उठले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना नाश्त्याला हाक मारायचीही विसरले.

दैवाची करणी बघा, त्याच आठवड्यात आमची लिफ्ट बंद पडली. दार उघडं टाकून तळमजल्यावर ठाण मांडून बसली ती बसलीच. एक आठवडा झाला, दोन झाले. शेठ म्हणायचे सेक्रेटरीला सांगितलंय, सेक्रेटरी म्हणायचा कंपनीला सांगितलंय, कंपनी म्हणायची पार्ट यायचाय. बारभाईंचा कारभार. सातव्या मजल्यावरच्या लेलेआजी दर मजल्यावर एकेका घरात पाणी पीत वर जायच्या.

तिसऱ्या रविवारी सोसायटीची सभा लागली. आमच्या सोसायटीची एक जुनी रीत आहे: सभेला जो गैरहजर, तो पदाधिकारी. त्यामुळे आजारी माणूससुद्धा सलाइन लावून येईल, पण येईल. मी मात्र रविवार असूनही त्या दिवशी कंपनीत अडकले, आणि व्हायचं तेच झालं. पुढचं सगळं मला आमच्या ह्यांनी घरी आल्यावर सांगितलं, तेही चार हात लांब उभं राहून.

काकांनी सभेत दहा बोटं पसरली. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही, म्हणाले. दहा पदं करा. पाण्याला एक, पार्किंगला एक, गच्चीला एक, आणि लिफ्टला एक. प्रत्येकाला वेगळं मत. छापील मतपत्रिका त्यांनी आणलीच होती. प्रत्येक पदाला निदान दोन उमेदवार हवेत, नाहीतर ती निवडणूक कसली, आणि एकाने दोन ठिकाणी उभं राहायचं नाही. लोक ऐकत होते. म्हात्रेशेठनी तेवढ्यात हिशेब केला: उमेदवार लागणार वीस. अकरा फ्लॅट भाड्याने दिलेले, म्हणजे राहणारे मालक सतराच. चौतीस वर्षं वजनाची मर्यादा मोजलेल्या माणसाने माणसंच मोजली नव्हती.

सभा हसायला लागली. काका हसले नाहीत. त्यांनी नऊ बोटं मिटली. "बरं, हे राहू द्या. करंगळी तेवढी द्या."

लेलेआजींनी पहिला हात वर केला.

लिफ्ट कमिशनर या एका पदासाठी निवडणूक ठरली. काका स्वतः निवडणूक अधिकारी, त्यामुळे उभं राहणार नाहीत आणि मतही देणार नाहीत. म्हात्रेशेठ बिनविरोध होईल या भरवशावर उभे राहिले. दुसरा उमेदवार रीतीप्रमाणे गैरहजर, म्हणजे मी. तांदळाच्या डब्यात गुप्त मतदान झालं. शाई नव्हती म्हणून प्रत्येक मतदाराच्या करंगळीला लाल नेलपॉलिश लावलं, शेठच्यासुद्धा. मी अकरा विरुद्ध पाच मतांनी निवडून आले. आमच्या ह्यांचं मत कुणाला गेलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी ओरडणार, त्याआधी काका माझ्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मागायला दारात. नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरते तर बंद लिफ्टच्या उघड्या दारातून मीच माझ्याकडे बघतेय. वहीच्या पानाएवढी, लॅमिनेशन केलेली, वॉचमनकडून चार स्क्रूंनी बसवून घेतलेली, नुकतीच पोलिसांनी पकडून आणल्यासारखी. खाली लिहिलेलं: या लिफ्टची जबाबदारी हिच्यावर आहे. सौ. सुनीता कदम, लोकांनी निवडून दिलेली लिफ्ट कमिशनर. त्याखाली माझा मोबाईल नंबर.

मी तो ओरबाडून काढणारच होते. तेवढ्यात लेलेआजी भाजी घेऊन आल्या. पिशवी खाली ठेवली, फोटोकडे बघितलं, हुश्श केलं आणि जिना चढायला लागल्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्हाला सांगते, त्या फोटोत काहीतरी आहे. दोन आठवडे तीच लिफ्ट बंद होती आणि मी सुखाने झोपत होते. आता मला जेवण जाईना. लिफ्टच्या कंपनीचं ऑफिस माझ्या कंपनीपासून पाच मिनिटांवर. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेले, पार्ट यायचाय. दुसऱ्या दिवशी गेले, पार्ट यायचाय. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि तिथल्या साहेबाच्या टेबलावर उघडून बसले. म्हटलं, पार्ट येईपर्यंत मी इथेच जेवणार आहे, आज सुकी मच्छी आहे. उल्हासनगरच्या एका वर्कशॉपमधून दोन तासांत पार्ट आला. संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. कंपनीचा माणूस काम करत असताना काका हात पाठीमागे बांधून उभे होते, आणि त्यांची बोटं पाठीमागे स्क्रू फिरवत होती.

रविवारी नऊला मी मुद्दाम दार किलकिलं ठेवलं.

"मनू, कदमबाईंनी त्यांच्या टेबलावर सुकट खाल्ली," काका सांगत होते, आणि तिकडून मनू अगदी मामींसारखी हसत होती. एक तास दहा मिनिटं.

पुढचे काही रविवार माझ्या कारभारावर निघाले. पण लिफ्टला आता काय धाड भरली होती? पहिल्या तारखेला तपासणी, ग्रीस, सगळं वेळच्या वेळी. तक्रार नाही, बातमी नाही. मलाही फोटोचा कंटाळा आला होता. येता-जाता मुलं मला गुड मॉर्निंग म्हणायची, म्हणजे फोटोला, मी शेजारी उभी असताना. मी राजीनामा लिहून ठेवला.

तेव्हाच एका गुरुवारी संध्याकाळी कंपनीतून निघताना फोन वाजला. नंबर परदेशातला.

"काकू, मी मनाली. लिफ्टमधल्या तुमच्या फोटोचा फोटो बाबांनी पाठवला होता, त्याच्याखालून नंबर घेतला."

मी दचकले. काका बरे आहेत म्हणून आधीच सांगून टाकलं. ती म्हणाली, माहीत आहे, त्यांच्याबद्दलच विचारायचं होतं. मग बरंच आढेवेढे घेऊन म्हणाली, "काकू, तुमच्याकडे पुन्हा निवडणूक कधी आहे?"

मी म्हटलं, का गं?

"इकडची संपली ना. मला तर इथे मतसुद्धा नाही, आम्ही अजून व्हिसावर. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाबांना वेड आहे या निवडणुकांचं. म्हणून मी शनिवारी तास-दोन तास बसून वाचून काढायचे, त्यांना विचारायला काहीतरी पाहिजे म्हणून. एरवी ते बोलतच नाहीत, काकू. आई गेल्यापासून फक्त गोळी घेतली म्हणतात. आता पुढची चार वर्षं मी काय विचारू त्यांना?"

मी खुर्ची ओढून बसले. तिकडे ही, इकडे ते. ज्यांचं त्या राज्यात एक मत नाही, अशी दोन माणसं, एकमेकांना आवड आहे म्हणून शंभर तालुके पाठ करत बसलेली. मला एकदम रडू आलं, आणि रडायचं कारण हिला सांगता येईना.

सांगावं का? जिभेवर आलं होतं. अगं बाई, त्यांनाही तेच वाटतंय, असं एक वाक्य म्हटलं की झालं. आमचे हे नंतर म्हणाले, सांगून टाकायचं होतंस. पण ह्यांना काय कळतंय. दोघंही लाजरी. एकदा उघडं पडलं की तू माझ्यासाठी आणि मी तुझ्यासाठी म्हणून ओशाळतील, आणि पुन्हा त्याच दोन मिनिटांवर येतील. काही गोष्टींवर झाकण असलेलंच बरं.

"काकू, लिफ्ट बरी चालतेय का?" तिने विचारलं.

"उत्तम चालतेय," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. इतक्या पडलेल्या आवाजात लिफ्ट चांगली चालल्याचं मी कधी कोणाकडून ऐकलेलं नाही.

मी राजीनामा फाडला. शनिवारी संध्याकाळी, बिल्डिंगमधली माणसं बाजारात गेलेली बघून, मी स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर पदराआड घेतला आणि लिफ्टमध्ये शिरले. लायसन नसताना हात लावला, हे काकांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. चार स्क्रू काढले, स्वतःला उलटं केलं, चार स्क्रू पुन्हा घट्ट बसवले. मग वर येऊन साडी नीट केली आणि ६०२ ची बेल वाजवली.

काका बनियनवर होते. हातात गोळीचं पाकीट.

"काका, लिफ्टमधला माझा फोटो कुणीतरी उलटा लावलाय," मी म्हटलं. "मी लोकांनी निवडून दिलेली बाई आहे. याची चौकशी झाली पाहिजे."

काकांनी गोळ्या ठेवल्या. आत गेले, शर्ट चढवून, चष्मा लावून, वही घेऊन बाहेर आले. खाली जाऊन फोटोची चारी बाजूंनी तपासणी केली. स्क्रूवर बोट फिरवलं, आणि मग क्षणभर माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांनी आवळलेले स्क्रू ओळखले, त्याला काय कळलं असेल आणि काय नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, विरोधकांचं काम दिसतंय, आठवडाभर तपास चालेल.

"फोटो सुलटा करू?" मी विचारलं.

"छे छे. पुरावा आहे तो."

दुसऱ्या दिवशी नऊला पाच मिनिटं असतानाच पॅसेजमध्ये खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी गॅस बारीक केला. फोन लागला, आणि मनूने नेहमीप्रमाणे विचारलं, बाबा, गोळी घेतली का?

"गोळीचं राहू दे गो," काका म्हणाले. "आधी ऐक, इकडे काय झालंय."